जिवाणूरोधक पृष्ठभागाची प्रयोगशाळेत चाचणी कशी घ्यावी

‘९९.९ टक्के जिवाणूंचा नाश’ असा दावा असलेल्या प्लास्टिकची किंवा लेपाची पारख करायची असेल, तर आयएसओ २२१९६ या मानकातील पद्धत वापरावी. जपानच्या जेआयएस झेड २८०१ या मानकावर आधारलेली ही पद्धत सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागांसाठी आहे. कापडासाठी वेगळी मानके आहेत.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि इ. कोलाय या दोन्ही जिवाणूंवर स्वतंत्रपणे चाचणी घ्यावी लागते. त्यांचे प्रमाणित वाण चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम यांसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहांतून मागवावेत आणि सर्व काम जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेतच करावे.

प्रत्येक जिवाणूसाठी ५० मिमी चौरसाचे लेप दिलेले तीन आणि त्याच पदार्थाचे, पण लेप नसलेले सहा तुकडे घ्यावेत. पाचशे पट विरल केलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (जिवाणूंच्या पोषक द्रवात) मिलिलिटरला सुमारे ६ लाख पेशी राहतील असे द्रावण करून त्यातील ०.४ मिलि प्रत्येक तुकड्यावर टाकावे आणि वर ४० मिमी चौरसाची निर्जंतुक प्लास्टिक फिल्म अलगद दाबावी. द्रावण कडेपर्यंत पसरले पाहिजे, पण फिल्मबाहेर ओघळता कामा नये. ओघळल्यास तो तुकडा बाद धरावा. लेप नसलेले तीन तुकडे लगेच धुऊन सुरुवातीची संख्या मोजावी आणि उरलेले सर्व तुकडे ३५ अंश सेल्सिअस तापमानात, किमान ९० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवून मग तसेच धुवावेत.

धुण्याच्या द्रवाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण फसगत होते ती इथेच. त्यात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असलेले न्यूट्रलायझर, म्हणजे लेपातील जिवाणूरोधक द्रव्य निष्प्रभ करणारे मिश्रण, असते. लेपातून सुटलेले चांदीचे किंवा तांब्याचे आयन निष्प्रभ झाले नाहीत, तर ते पेट्री डिशमध्येही वाढ रोखत राहतात आणि पृष्ठभागावर जिवंत राहिलेले जिवाणूही मेल्यासारखे मोजले जातात. म्हणून जिवाणू न टाकलेला, लेप दिलेला एक जादा तुकडा याच द्रवात धुवावा, त्या धुवणात साधारण १०० पेशी सोडाव्यात आणि तितक्याच वसाहती (पेशी वाढून झालेले ठिपके) उगवतात का ते पाहावे. त्या कमी आल्या, तर न्यूट्रलायझर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. धातूच्या आयनांसाठी सोडियम थायोसल्फेट किंवा थायोग्लायकोलेट घालून पाहता येते.

धुवणाचे दहा-दहा पट विरलीकरण करून अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, लावावे आणि ३० ते ३०० वसाहती असलेल्या डिशच मोजाव्यात. २४ तासांनंतर लेप नसलेल्या तुकड्यांवर १० लाख आणि लेपावर १,००० पेशी आढळल्या, तर दोहोंच्या लॉगमधील (दहाच्या पायाच्या लॉगॅरिदममधील) फरक, म्हणजे जिवाणूरोधक मूल्य, ३ येते. जपानी मानकानुसार २ किंवा त्याहून अधिक मूल्य परिणामकारक धरतात. लेप नसलेल्या तुकड्यांवरचे जिवाणूच मरून गेले असतील, तर चाचणी रद्द समजावी.

अहवालात तापमान, आर्द्रता आणि संपर्काचा कालावधी अवश्य नोंदवावा. ही चाचणी ओल्या फिल्मखाली होते. दाराची मूठ मात्र कोरडी असते, आणि चांदीच्या लेपाला आयन सोडण्यासाठी ओलावा लागतो. त्यामुळे अशा वस्तूंसाठी खोलीच्या आर्द्रतेत, थेंब वाळू देऊन घेतलेली स्वतंत्र चाचणीही जोडावी. वापरलेले तुकडे, फिल्म आणि डिश १२१ अंश सेल्सिअसवर ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करूनच) टाकाव्यात.