शब्द ओळखा खेळात ‘नक्षत्र’च्या सात रेघा का आल्या?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत शब्द ओळखायचा खेळ लिहीत होतो: लपवलेल्या शब्दाच्या प्रत्येक अक्षरासाठी एक रेघ, अक्षर ओळखलं की ते रेघेच्या जागी. रेघेच्या जागी अक्षर बसवायला गेलं की टाइप एरर, कारण पायथनमधली स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची माळ, जागच्या जागी बदलता येत नाही. रेघांची लिस्ट (बदलता येणारी यादी) ठेवली, दाखवताना जॉइन करून एकत्र जोडली, काम झालं.

खरी मजा मराठी शब्द घातल्यावर. ‘नक्षत्र’ची लांबी लेन हे लांबी मोजणारं फंक्शन चक्क 7 सांगतं! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, न, क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ष, त, हलन्त, र असे सात कोड असतात. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात तीन. स्ट्रिंग म्हणजे काय, हे मला इथे नीट कळलं.

उपाय युनिकोडडेटा मॉड्यूलच्या कॅटेगरी फंक्शनमध्ये मिळाला. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग ‘एम’ने सुरू होतो, असं चिन्ह आलं की आधीच्या तुकड्याला जोडायचं. तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच. मग सगळा खेळ या तुकड्यांच्या लिस्टवर चालवायचा.

तुलनेआधी शब्द आणि उत्तर दोन्ही नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच रूपात आणा; त्या रूपाचा प्रकार एनएफसी. ‘ऱ’ एका कोडनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असाही. दिसायला सारखेच, पण पायथनला वेगळे.