वाचायला ब्लॉग कसा निवडावा आणि तो धरून कसा ठेवावा

ब्लॉग वाचायचे असतील तर विषयामागे जाऊ नका, माणूस शोधा. गूगलवर 'मराठी रेसिपी' टाकलं की सगळ्यात वर जे येतं, त्यात बरेचदा चार ठिकाणचं उचलून एकत्र केलेलं असतं. खरा ब्लॉग कुणीतरी रात्री जेवणं आटोपल्यावर, आवड म्हणून लिहिलेला असतो, आणि तो हुडकावाच लागतो.

मी नागपुरात रोज लोकमान्य नगरहून सीताबर्डीला मेट्रोने ऑफिसला जाते. तेवढ्यात एक मोठी पोस्ट निवांत वाचून होते. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "तुला हे सगळं सापडतं कुठून गं?" तर असं.

आधी पारख करायची. आपल्याला जे स्वतः पक्कं येतं, त्यावर त्या माणसाने काय लिहिलंय ते पाहायचं. मी गोळाभात बघते. भरड डाळीचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, पानात गोळा कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, एवढं तर कुठेही लिहिलेलं मिळतं. पण गोळा फार घट्ट वळला तर आतून कोरडा राहतो आणि तेलात हात आखडला तर घास घशात बसतो, हे जिने लिहिलं तिने तो घरी केलेला आहे. तिच्या बाकीच्या पाककृती मी डोळे मिटून करते.

इतिहासाच्या ब्लॉगसाठी रामटेक घ्या. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे ठोकून सांगणारे पुष्कळ. ही परंपरेने चालत आलेली ओळख आहे, तिचे आधार कोणते, आणि जवळच्या नगरधनला वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन समजतात ते कशावरून, असं उलगडून सांगणारा विरळा. तो सापडला की सोडू नका.

आता लोकांना यात एवढं काय गोड लागतं, तेही सांगते. संत्र्याचंच घ्या. भाव पडला की किंवा गारपीट झाली की संत्रं पेपरात येतं. काटोल-नरखेडकडचा एखादा बागायतदार ब्लॉग लिहीत असेल तर त्यात अख्खं वर्ष असतं. आंबिया बहारासाठी पाणी तोडून बाग ताणावर कधी सोडली, ताण मोडून पहिलं पाणी कधी दिलं, जानेवारी-फेब्रुवारीत फूल कसं फुटलं, उन्हाळ्यात फळगळ किती झाली, दिवाळीच्या आसपास तोडणी कशी झाली. पाऊस लागल्यावर मृग बहाराचं फूल येतं, त्याची काळजी वेगळीच. वर्षभर हे वाचत गेलं की तो माणूस ओळखीचा होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की त्याच्या बागेला पाणी पुरेल का, अशी आपल्याला चिंता लागते. ही ओळखच मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याला शब्दमर्यादा नाही, कुणी संपादक कात्री लावत नाही, त्यामुळे एका फळगळीवर तो दोन पानं लिहू शकतो. आणि ती दोन पानं वाचणारेही आहेत.

म्हणून नवा ब्लॉग मिळाला की ताजी पोस्ट वाचून थांबू नका. बाजूच्या जुन्या यादीत जाऊन पहिल्या वर्षापासून वाचा.

राहिलं ते नियमित वाचण्याचं. फोन आपल्याला नवं काही दाखवेल म्हणून वाट पाहत बसू नका, तो त्याला हवं तेच दाखवतो. फीड-रीडर वापरा, म्हणजे आपण निवडलेल्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी आणून दाखवणारं ॲप. 2013 मध्ये गूगलने आपला रीडर बंद केला तेव्हा बऱ्याच जणांनी ही सवय सोडली, पण फीड, म्हणजे रीडर वाचतो ती ब्लॉगच्या नव्या पोस्टची यादी, कुठे गेले नाहीत. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवरच्या ब्लॉगना ते आपोआप असतात. फीडली किंवा इनोरीडर घ्या, दोन्ही फुकटात चालतात. ब्लॉगचा मुख्य पत्ता कॉपी करून त्यांच्या शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि 'फॉलो' दाबा. झालं. त्या माणसाने सहा महिन्यांनी लिहिलं तरी पोस्ट तुमच्यापर्यंत येते. म्हणून कमी लिहिणाऱ्यांना यादीतून काढू नका. दिवसाला चार-चार पोस्ट टाकणाऱ्यांना मात्र काढा, त्यांच्या गर्दीत बाकीचे दिसेनासे होतात.

एखादा आवडता ब्लॉग अचानक उघडेनासा झाला, तर त्याचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, टाकून बघा. तारखांचं कॅलेंडर येतं, खूण असलेल्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीचं पान उघडतं. सगळीच पानं मिळतात असं नाही. म्हणून जी पोस्ट फार आवडली ती ब्राउझरच्या प्रिंटमधून त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, आणि फाइलच्या नावात लिहिणाऱ्याचं नाव टाका.