कोंबडीचा पणजोबा टी-रेक्स नव्हता: डायनासोर आणि पक्ष्यांचं नातं सांगताना या चुका टाळा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना एक तक्ता मला हमखास भेटतो. डावीकडे जबडा वासलेला टी-रेक्स, मध्ये दोन-तीन बाण, उजवीकडे गावठी कोंबडी. रंगकाम झकास, पण बाण चुकलेले.

टी-रेक्स साधारण 6 कोटी 80 लाख ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी होता. जर्मनीत सोल्नहोफेनच्या चुनखडकात 1861 साली सापडलेला, पिसांचा आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी 15 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे नातू आजोबांपेक्षा आठ कोटी वर्षांनी थोरला! टी-रेक्सच्या हाडातलं प्रथिन कोंबडीशी जुळतं, अशा बातम्या 2007 मध्ये झळकल्या आणि घोळ आणखी पक्का झाला. ते जुळणं खरं धरलं तरी त्यातून निघतं ते चुलत नातं.

तक्ता दुरुस्त करायला वेळ लागत नाही. बाण खोडा, झाड काढा. दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी डायनासोरांची एक फांदी: थेरोपॉड. तिच्या एका डहाळीवर टी-रेक्स, दुसरीवर व्हेलोसिरॅप्टर, तिसरीवर पक्षी. आर्किऑप्टेरिक्सलाही सगळ्या पक्ष्यांचा मूळपुरुष करू नका. दात, नख्यांची बोटं, हाडांची लांब शेपटी आणि पिसं एकाच अंगावर दाखवणारा साक्षीदार, एवढा मान त्याला पुरे. आणि त्या डहाळीवर दहा हजारांहून जास्त जाती आजही नांदत असताना तक्त्याखाली ‘डायनासोर पूर्ण नष्ट झाले’ असं लिहू नका.

नावं मात्र खरोखरच फसवतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ हॅरी सीली यांनी कंबरेच्या हाडांवरून डायनासोरांचे दोन गट केले: पक्ष्यासारख्या कंबरेचे आणि सरड्यासारख्या कंबरेचे. पक्षी आले ते दुसऱ्या गटातून! त्यामुळे रूढ वंशवृक्षात पहिल्या गटातल्या शिंगवाल्या ट्रायसेरॅटॉप्सपेक्षा दुसऱ्या गटातला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लांब मानेचा इसिसॉरस कोंबडीला जवळचा ठरतो. पूर्वज नव्हे हं, फक्त जवळचा. टेरोसॉर हे त्या काळचे पंखवाले सरपटणारे प्राणी उडायचे, पण ते डायनासोरच नव्हते. त्यांना तक्त्यातून सरळ काढा.

‘पिसं उडण्यासाठीच आली’ हेही नको. चीनच्या लिआओनिंगमधून 1996 मध्ये जगापुढे आलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या अंगावर लवीसारखी पिसं होती, हात मात्र आखूड. तो कसला उडतोय!

मोठ्यांचीही चूक सांगतो, म्हणजे मुलांना धीर येईल. डेन्मार्कच्या गेरहार्ड हाइलमान यांनी पक्षी आणि थेरोपॉड यांच्यातली साम्यं बारकाईने मांडली, पण डायनासोरांना गळपट्टीची हाडं नव्हती, मग पक्ष्यांत ती कुठून येणार, म्हणून नातं नाकारलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1926 चं. गंमत म्हणजे ओव्हिरॅप्टर या थेरोपॉडचं तेच हाड 1924 च्या वर्णनात छापलेलं होतं, फक्त दुसऱ्याच नावाने. पुढे व्हेलोसिरॅप्टरमध्ये मिळालं, टी-रेक्समध्येही. अख्खी कोंबडी साफ करताना गळ्यापाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखं जे हाड निघतं, तेच हे.

शेवटची तक्रार पायांची. बहुतेक मुलं टी-रेक्सचा गुडघा मागे वाकलेला काढतात, कारण कोंबडीचा तसा दिसतो. तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खात्री करायची तर चिकनवाल्याला पंजा तोडू नको म्हणून सांगा आणि अख्खी तंगडी घरी आणा. वरची मांडी आणि खालची तंगडी जिथे जुळतात, तो खरा गुडघा. कोंबडी जिवंत असताना तो पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. चिकनवाला रोज जिथे सुरी मारतो तो घोटा, आणि त्याखालची खवल्यांची पिवळी नळी म्हणजे पाऊल. कोंबडी बोटांवर उभी असते. टी-रेक्सही तसाच उभा राहायचा.