यूआर झालात? आधी मागच्या वर्षीचं रजिस्टर वाचा

दहा वर्षं होत आली, तरी ते रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लांबट, जाड, पाठीला निळं कापड, वर चिकटवलेल्या पांढऱ्या चिठ्ठीवर 'विद्यार्थी परिषद – इतिवृत्त'. दर वर्षी जुलै-ऑगस्टात ओळखीतली एखादी पोरगी फोन करते, "ताई, मी सीआर झाली, आता काय करू?" सीआर म्हणजे वर्ग प्रतिनिधी, यूआर म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा सचिव. प्रत्येकीला तेच ते सांगते, म्हणून एकदा लिहून काढते आहे. यातलं बरंचसं त्या एका रजिस्टरबद्दलच आहे. बाकी काही सोडलंत तरी चालेल, तेवढं मात्र वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात बीएस्सी केलं. घरी कोरडवाहू कापूस, गाव बावीस किलोमीटरवर, येणं-जाणं एसटीने. २०१५-१६ ला मी शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा १९९४ चा विद्यापीठ कायदा चालू होता. वर्गात मतदान नसायचं. मागच्या परीक्षेत जो पहिला तो वर्ग प्रतिनिधी, नेमणूक प्राचार्यांची. त्यात खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिकमधून एकेक जण आणि दोन मुली. हे सगळे मिळून आपल्यातून एक सचिव निवडायचे. आपल्याकडे त्यालाच यूआर म्हणतात.

मतं जेमतेम पंधरा-सोळा. म्हणून एकेका मताची ओढाताण. आमच्या वर्षी निवडीच्या आधी तीन सीआर दोन दिवस बेपत्ता होते. कुणीतरी गाडी करून त्यांना चिखलदऱ्याला नेऊन ठेवलं होतं. त्यातल्या एकाची माय कॉलेजच्या फाटकाशी रडत उभी होती, हातात पोराचा फोटो. मी ते पाहिलंय, म्हणून स्पष्ट सांगते: निवडीच्या आठवड्यात कुणाच्याही गाडीत बसू नका. भाऊ असो, दादा असो, गावातला नातेवाईक असो. ज्याचं जेवण जेवलात, त्याच्यासमोर वर्षभर बोलता येत नाही. मी गेले नाही. दोन मतांनी निवडून आले.

आता कायदा बदललाय. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा, १ मार्च २०१७ पासून लागू. त्यात अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट विद्यार्थ्यांनी निवडायची तरतूद आहे. २०१९ ला वेळापत्रकही जाहीर झालं होतं, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं. तुमच्या वर्षी मतदान असो की नेमणूक, निवडून आल्यावरचं काम तेच. मतदान झालंच तर विद्यार्थी निवडणुकांसाठीचे लिंगडोह समितीचे नियम एकदा वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ साली लागू केले. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, पोस्टर हाताने लिहिलेलं, छापील नाही, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब. गरीब घरच्या पोरांसाठी हे नियम फार मोलाचे आहेत. समोरचा फ्लेक्स लावतो म्हणून आपणही कर्ज काढायची गरज नाही.

आता रजिस्टरकडे येते.

दिवाळीच्या आधी परिषदेची दुसरी बैठक होती. प्राचार्यांच्या खोलीत, चहा-बिस्किटं, चाळीस-पन्नास मिनिटं. मी दोन गोष्टी मांडल्या. एक, खालच्या मजल्यावरच्या मुलींच्या संडासाला कडी नाही आणि नळाला पाणी नाही. दोन, गॅदरिंग तीन दिवसांचं न घेता एक दिवसाचं घ्यावं, आणि तेही दुपारी संपवावं. संध्याकाळचे कार्यक्रम बसने जाणाऱ्या मुलींच्या काही कामाचे नसतात, आणि कापूस वेचणीचे दिवस असले की अर्धा वर्ग शेतात असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. परिषदेचे प्रभारी सर म्हणाले, "चांगलं आहे, घेऊ." मला वाटलं झालं काम.

मग बाबूजींनी, म्हणजे कार्यालयातल्या कारकुनांनी, रजिस्टर आणलं. पानावर वर तारीख आणि 'बैठक क्र. २'. त्याखाली पूर्ण पान कोरं. अगदी तळाशी पेन्सिलीने एक ते सोळा आकडे घातलेले, सह्यांसाठी. "सह्या करून ठेवा सर्वे जण, मंग मी उतरवतो आरामात. तुमची बस जाईन न बेटा." घड्याळात साडेचार. शेवटची बस पावणेपाचला. मी सचिव, म्हणून पहिली सही माझी. माझ्या मागे पंधरा जणांनी केल्या.

जानेवारीत गॅदरिंगचा मांडव उभा राहिला, तीन दिवसांचा. मी सरांकडे गेले. सरांनी रजिस्टर उघडून पान माझ्याकडे वळवलं. विषय क्रमांक तीन: 'वार्षिक स्नेहसंमेलन तीन दिवसांचे घेण्यात यावे व त्याकरिता येणाऱ्या खर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.' सूचक म्हणून माझं नाव. खाली माझी सही. संडासाचा पानभर कुठे उल्लेखच नाही.

माझी एक मैत्रीण कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून यायची, पायी तीन किलोमीटर आणि मग बस. महिन्यातले चार दिवस ती कॉलेजला यायचीच नाही, त्या संडासामुळे. ती एवढंच म्हणाली, "तू त होती न वं मीटिंगमध्ये." मला काही बोलता आलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

मला आधी वाटलं मुद्दाम फसवलं. मग मी मागच्या वर्षीचं पान पाहिलं. शब्दन् शब्द तोच. त्याच्या आधीच्या वर्षीचंही तेच, फक्त सूचकाचं नाव वेगळं. बाबूजी दर वर्षी जुनं पान समोर ठेवून नवं उतरवत होते. त्यात कट-कारस्थान नव्हतं, सवय होती. आणि हेच जास्त धोक्याचं आहे, कारण कट करणारा माणूस ओळखू येतो, सवय ओळखू येत नाही. तुम्ही तोंडाने काहीही बोला, जे लिहिलं नाही ते वर्षाच्या शेवटी घडलेलंच नसतं.

म्हणून नीट ऐका. कोऱ्या पानावर सही करायची नाही. बस जात असेल तर जाऊ द्या, नाहीतर "उद्या सकाळी येऊन करते" म्हणा. हजेरीसाठीच सही हवी असेल तर सहीपुढे स्वतःच्या हाताने 'फक्त उपस्थिती' लिहा आणि तारीख घाला. मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली असेल तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा. आपलं म्हणणं बैठकीत पहिल्यांदा काढू नका. चार दिवस आधी कागदावर लिहून कार्यालयात द्या, आवक क्रमांक टाकून घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. मग ते विषयपत्रिकेवर येतं, आणि विषयपत्रिकेवर आलेल्या गोष्टीचा निर्णय काहीतरी लिहावाच लागतो, होकार नाहीतर नकार. नकार लिहून आला तरी चालेल. पुढे नेण्यासारखा कागद हातात येतो.

अजून एक. पुढच्या बैठकीचा पहिला विषय असतो 'मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे'. हा विषय आला की सगळे पोट्टे मोबाईल काढतात. तुम्ही काढू नका. मागच्या वेळी चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुरुस्त करायची जागा तीच. "हे वाचून दाखवा" म्हणायचं. पटलं नाही तर "माझी असहमती नोंदवा" म्हणायचं. तिसऱ्या बैठकीत मी हे केलं असतं तर गॅदरिंगच्या आधी महिनाभर चूक कळली असती. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

उद्धट वाटेल अशी भीती मलाही होती. गावाकडून आलेल्या मुलीला सरांसमोर "आधी वाचते" म्हणायला फार जड जातं. पण चौथ्या बैठकीत मी म्हटलं तेव्हा बाबूजींनी फक्त चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं बेटा, उद्या ये." एवढंच झालं. कुणी रागावलं नाही, कुणी गुण कापले नाहीत.

त्या चौथ्या बैठकीत आम्ही बसचा विषय लिहून दिला होता. शेवटचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं आणि बस पावणेपाचला निघायची. एसटीच्या मासिक पासवर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते, पण बसच चुकली तर त्या पासचा काय उपयोग, काळीपिवळीला रोख पैसे मोजावे लागतात. ठराव झाला, कॉलेजचं पत्र निघालं. पत्रासोबत आम्ही गावनिहाय मुलींची यादी जोडली, प्रत्येकीचा पास क्रमांक, चढायचा-उतरायचा थांबा, आणि तीन ग्रामपंचायतींचे ठराव. ते ठराव आणायला मी माझ्या बाबांसोबत सायकलवर फिरले. आगार व्यवस्थापकांनी यादी दोनदा वाचली. पाच आठवड्यांनी बस पाच वीसला झाली. नुसतं निवेदन देऊन फोटो काढला असता तर झाली नसती, हे मी खात्रीने सांगते. निवेदन देतानाच्या फोटोचा मला मनापासून राग आहे. पोचपावती म्हणजे शिक्का मारलेला कागद. फोटो गावातल्या ग्रुपवर फिरतो, आगारातल्या फायलीत लागत नाही.

तुम्हाला आमच्यापेक्षा एक मोठी गोष्ट मिळाली आहे, ती वाया घालवू नका. आमच्या वेळच्या स्थानिक व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्याला जागा नव्हती. नव्या कायद्यात कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती आहे, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. कॉलेजचं अंदाजपत्रक तिथे येतं. कडी, नळ, ग्रंथालयाची वेळ, हे सगळं तिथे मांडायचं. परिषदेत गॅदरिंगच्या पाहुण्यांवर दोन तास भांडणारी पोरं या समितीच्या बैठकीला जातच नाहीत, बोलावणं आलं की नाही हेही विचारत नाहीत. प्राचार्यांना लेखी विचारा: बैठक कधी आहे, आणि मागच्या इतिवृत्ताची प्रत मिळेल का. पैशाबद्दल बोलताना मात्र शीर्ष कोणतं, म्हणजे तो पैसा कोणत्या कामाच्या नावाने आहे, ते आधी बघा. स्नेहसंमेलनाच्या नावाने घेतलेली फी थेट नळाला लावता येत नाही. मला सरांनी हेच ऐकवलं होतं, आणि ते बरोबर होतं.

विद्यापीठाच्या पातळीवर विद्यापीठाच्याच विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये बसतात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिथे येतो. मी तिथवर पोचले नाही, म्हणून फार सांगत नाही. एवढं कळतं की उमरखेडच्या पोराला अमरावती गाठायला किंवा सिरोंच्याच्या पोरीला गडचिरोली गाठायला अर्धा दिवस जातो, आणि शहरातली पोरं तोवर बोलून मोकळी होतात. जायचंच असेल तर आदल्या रात्री पोचा, आणि बोलायचं ते लिहून न्या.

कॉलेज ऐकतच नसेल तर? घेराव आणि कुलूप हे शेवटचे. आधी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. नुसती माहिती हवी असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. अनुदानित कॉलेजालाही तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकार टाकू नका. बाबूजींना पाणी विचारून, बसून, हात जोडून मागितलं तर तोच कागद बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो.

गुरू कुणाला करायचं हेही सांगते. विद्यार्थी संघटनांचे माजी पदाधिकारी "मी आहे ना पाठीशी" म्हणतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. त्यांना तुमचं मत हवं असतं, तुमचा संडास नाही. मला खरं शिकवलं ते ग्रंथालयातल्या मॅडमनी. त्या कधी भाषण देत नसत, फक्त माझा मसुदा घेऊन लाल पेनाने 'विनंती आहे' खोडायच्या आणि 'कृपया निर्णय कळवावा, दि. अमुकपर्यंत' लिहायच्या. अशी एक बाई किंवा माणूस प्रत्येक कॉलेजात असतोच. शोधा.

अभ्यास बुडेल ही भीती खरी आहे. माझे पाचव्या सत्राचे गुण घसरले. घरी दोन दिवस कुणी बोललं नाही. महिन्यात दोन कामंच हाती घ्या, गॅदरिंगचं सूत्रसंचालन दुसऱ्याला द्या.

संडासाला कडी लागली ती मी कॉलेज सोडल्यावर, पुढच्या वर्षीच्या सचिवाने पुन्हा लिहून दिलं तेव्हा. जाताना मी माझी फाईल तिला दिली होती: शिक्क्याच्या प्रती, बसची यादी, आणि त्या दुसऱ्या बैठकीच्या पानाची झेरॉक्स. तुमच्या आधीच्या सचिवाकडे अशी फाईल असेल तर आजच मागून घ्या. नसेल तर पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी कार्यालयात जा आणि बाबूजींना म्हणा, "मागच्या वर्षीचं रजिस्टर वाचायला द्याल का, इथेच बसून वाचते." वही-पेन सोबत असू द्या.