कलमा पढलात, आता दमानं घ्या

परभणीकडच्या खेड्यातून औरंगाबादेत कामाला आलो आणि 2018 च्या सुरुवातीला कलमा पढून मुसलमान झालो. शहरातही नवखा, मशिदीतही. तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतो.

पहिल्या महिन्यात जो भेटेल तो मुफ्ती, म्हणजे धर्माचा निवाडा सांगणारा. एक म्हणणार दाढी ठेव, दुसरा पायजमा घोट्याच्या वर घे, तिसरा आधी नाव बदल. हौ म्हणायचं आणि नमाज धरायची. दिवसाच्या 17 रकात (नमाजेची आवर्तनं) फर्ज, म्हणजे सक्तीच्या: फजर दोन, जोहर-असर चार-चार, मगरीब तीन, इशा चार. बाकी हळूहळू. नावाच्या अर्थात शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला देव मानणं) नसेल तर ते बदलायलाच पाहिजे असं नाही.

सूरह फातिहाच्या, म्हणजे कुराणातल्या पहिल्या अध्यायाच्या, 7 आयती (ओळी) मी दोनशेपानी वहीत देवनागरीत उतरवून पाठ केल्या. मोठा तीर मारला असं वाटलं. मग बांग देणाऱ्या चाचांनी शेजारी बसवून 'कल्ब' म्हणायला लावलं आणि हसायलाच लागले. घशातून काढला तर तो शब्द काळीज. आपल्या साध्या 'क'नं म्हटला तर कुत्रा. देवनागरीत दोन्ही सारखेच! वही असू द्या, पण शिका कानानं, आणि एकाच माणसाकडून.

घराच्या बाबतीत मी चुकलो. नव्या जोशात आईशी भांडलो, चार महिने गावी फिरकलो नाही. सूरह लुकमानची 15 वी आयत मागाहून वाचली: आईबापांनी शिर्कासाठी जोर केला तर ऐकू नका, पण जगात त्यांच्याशी भलेपणानं राहा. त्या साली रमजान ऐन मे-जूनात. शेवटी गेलो. पहाटे साडेतीनला आई चुलीपुढं भाकरी थापत होती. दिवसभर पाण्याचा घोटही नाही म्हटल्यावर म्हणाली, "आमच्या एकादशीला चहा तरी चालतो बाबा." कुरबुर अजून आहे, पण भाकरी मिळते.

आणि कागदपत्रं. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. तुमची शिष्यवृत्ती, नोकरी त्यावर असेल तर आधी घरात बोला, वकिलाला विचारा. न वाचता सही करू नका, कागद इमामसाहेबांनी पुढं केला असला तरी.