जुन्या एसयूव्हीसाठी टायर आणि स्टेपनी निवडताना

वापरलेली एसयूव्ही घ्यायचे ठरले की टायरचा विचार सौदा पक्का होण्यापूर्वीच करावा. या गाड्यांचे टायर मोठे आणि महाग असतात, त्यामुळे ते बदलावे लागणार असतील तर तो खर्च किमतीतून वजा करून घेण्याची संधी पैसे देईपर्यंतच असते. दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये काय बिघडले आहे, हे टायरची झीज जितके स्पष्ट सांगते, तितके विक्रेत्याने दाखवलेले कोणतेही कागद सांगत नाहीत. टायर मोजताना नेहमी पाच मोजावेत. स्टेपनी हा त्यातलाच पाचवा टायर आहे आणि तिची पारख इतर चारांबरोबरच झाली पाहिजे.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, म्हणजे पुढच्या टायरची सगळी रुंदी नजरेस पडते. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर तो टायर बराच काळ कमी हवेवर चालला आहे; मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त ठेवली जात होती. केवळ आतली किंवा केवळ बाहेरची कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडले आहे, किंवा लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश या चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या भागांपैकी काहीतरी सैल झाले आहे. टायरवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने पृष्ठभाग गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा लागत असेल, तर चाकांचा टो-इन, म्हणजे वरून पाहता चाके किंचित आत वळलेली असण्याचे माप, चुकलेला असतो. ठरावीक अंतरावर खळगे पडलेले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाल्याचा संशय घ्यावा. हे दोष तसेच ठेवून नवे टायर बसवले तर काही हजार किलोमीटरांत तेही त्याच पद्धतीने झिजतात. म्हणून आधी सस्पेन्शनची दुरुस्ती, मग टायर आणि ते बसवल्याबरोबर अलाइनमेंट व बॅलन्सिंग, हा क्रम मोडू नये.

झीज फारशी दिसत नसली तरी टायरचे वय पाहावे. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याच्या अखेरीस चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे चार अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असू शकते, तेव्हा वाकून, टॉर्च घेऊन पाहण्याचा कंटाळा करू नये. कमी चाललेल्या गाडीत नक्षी खोल दिसते, पण रबर कडक झालेले असते आणि बाजूला बारीक भेगा पडू लागलेल्या असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही स्थितीत बदल, असा सल्ला काही मोठ्या टायर कंपन्या देतात. महाराष्ट्रातले ऊन पाहता, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरवर मी स्वतः सहा-सात वर्षांच्या पुढे विसंबणार नाही.

खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा आपल्याकडचा नियम आहे. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे बाजूच्या भिंतीवरील ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण दाखवतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मात्र कोकणातल्या पावसात किंवा आंबोली, ताम्हिणीसारख्या घाटांतून नेहमी जाणे-येणे असेल तर या मर्यादेची वाट पाहू नये, तीन मिलिमीटरच्या आसपासच बदल करावा, कारण खाचा उथळ झाल्या की रस्त्यावरचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. घासलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने कोरून, वरून काळे पॉलिश लावून तो चांगला म्हणून दाखवण्याचा प्रकारही चालतो. तळाचे उंचवटे कापलेले किंवा नाहीसे झालेले असतील आणि खाचांच्या कडा वेड्यावाकड्या असतील, तर तो टायर कोरलेला आहे असे समजावे आणि त्या गाडीच्या बाकी तपासणीतही अधिक सावध राहावे.

आकार निवडताना जुन्या मालकाने बसवलेल्या टायरवरचा आकडा प्रमाण मानू नये. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीचे स्टिकर असते. त्यावरचा किंवा माहितीपुस्तिकेतला आकारच खरा. उदाहरणार्थ, महिंद्रा स्कॉर्पिओच्या अनेक गाड्यांवर २३५/६५ आर १७ हा आकार येतो. यात २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ हा इंचांत रिमचा व्यास. पुढे ‘१०४ एच’ असे लिहिले असेल तर तो एक टायर ९०० किलो भार पेलतो आणि ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत योग्य ठरतो. स्वस्त मिळतो म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी भारांकाचा (इथे १०४ हा तो आकडा) टायर कधीही घेऊ नये. सात माणसे आणि टपावरचे सामान घेऊन घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

रिम बदलायचेच असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीने दिलेला आकार स्वीकारावा. टोयोटा फॉर्च्युनरच्या २०१६ नंतरच्या गाड्यांत २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ असे दोन्ही आकार येत होते. हिशेब केला तर पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा ७७५, म्हणजे फरक नगण्य आहे. याउलट रेनॉ डस्टरच्या २१५/६५ आर १६ या आकाराऐवजी केवळ रुबाबासाठी २३५/७० आर १६ बसवला तर व्यास सात टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडी सुमारे एकशे सातने धावत असते, टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासण्याचा धोका निर्माण होतो, आणि ब्रेक व गिअर ज्या मापासाठी आखलेले आहेत ते मापच बदलते.

प्रकाराबाबत थोडक्यात सांगता येईल. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांसाठी एचटी (हायवे टेरेन), डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही असतील तर एटी (ऑल टेरेन), आणि केवळ चिखल-दगडांसाठी एमटी (मड टेरेन). एटी टायर दिसायला दणकट असतात, परंतु ते अधिक आवाज करतात, मायलेज थोडे कमी करतात आणि ओल्या डांबरावर साधारणपणे एचटीएवढ्या लवकर गाडी थांबवत नाहीत. ज्यांच्या शेतापर्यंत किंवा वाडीपर्यंत पावसाळ्यात खरोखर चिखलातून जावे लागते, त्यांनी एटी जरूर घ्यावेत. पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्याला एचटीच योग्य. कोणताही टायर घेतला तरी त्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत. व्यासातील फरकामुळे ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांवर सतत ताण येतो. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत दोनच बदलणे शक्य असेल तर नवी जोडी मागे बसवावी. आपल्याकडे नवे टायर पुढे टाकण्याची सवय आहे आणि अनेक दुकानदारही तेच सुचवतात, परंतु ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. पुढची घसरली तर निदान वेग कमी करून ती ताब्यात आणता येते.

आता स्टेपनी. सर्वप्रथम ती आहे का, हे पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या बदलानुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. दुरुस्तीचा संच खिळ्याचे छिद्र बुजवतो, खड्ड्याच्या धारेने फाटलेली भिंत मात्र बुजवू शकत नाही. त्यामुळे आडमार्गाने जाणाऱ्यांनी जागा असल्यास पूर्ण आकाराची स्टेपनी ठेवावीच.

काही गाड्यांच्या वरच्या प्रकारात खाली १७ इंची अलॉय आणि स्टेपनी मात्र १६ इंची स्टीलची असते. अशा चाकावर जी वेगमर्यादा लिहिलेली असेल, बहुधा ताशी ८० किलोमीटर, ती पाळून केवळ पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे. अलॉय आणि स्टीलच्या रिमचे नट काही वेळा वेगळे असतात, हे तपासावे. जुन्या बाजारातून रिम घ्यायचे असेल तर नटांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या छिद्राचे माप तिन्ही जुळले पाहिजे. ह्युंदाई क्रेटाचे पाच नट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात, फॉर्च्युनरचे सहा नट १३९.७ मिलिमीटरच्या. रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून घ्यावे, म्हणजे वाकलेले किंवा वेल्डिंग केलेले लगेच उघडे पडते.

डस्टरच्या बहुतेक प्रकारांत आणि स्कॉर्पिओमध्ये स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. तिथे चिखल बसतो, खाली सोडण्याची साखळी गंजते, आणि पाना घालून फिरवल्यावर काहीच हलत नाही, हे नेमके रात्री रस्त्याकडेला कळते. म्हणून घेण्यापूर्वी ती विक्रेत्यासमोर खाली सोडून पुन्हा वर चढवून पाहावी. जॅक, त्याचा दांडा, पाना आणि चोरीविरोधी नट असल्यास त्याची विशिष्ट चावी गाडीत आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. ही चावी हरवलेली असेल तर चांगली स्टेपनी असूनही चाक बदलता येत नाही. बोलेरो किंवा इकोस्पोर्टसारखी मागच्या दरवाजावरची स्टेपनी काढायला सोपी असते, पण वर्षानुवर्षे ऊन खाल्ल्याने न वापरताच म्हातारी होते, तेव्हा तिचीही तारीख वाचावी. स्टेपनीत माहितीपुस्तिकेतल्या कमाल भाराच्या दाबाएवढी हवा ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती मोजावी.

कमी हवा, कडक ऊन आणि सलग वेग एकत्र आले की टायर आतून तापतो आणि फुटतो. समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन विभागाने गुळगुळीत टायरांच्या गाड्यांची तपासणी सुरू केली, ती याच धोक्यामुळे. हवा नेहमी टायर थंड असताना, स्टिकरवरील आकड्यानुसार भरावी. तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा काढू नये. नायट्रोजनवर जादा खर्च करण्याचे कारण नाही, साध्या हवेतही त्याचे प्रमाण ७८ टक्के असते. बसवताना प्रत्येक चाकाला नवा वॉल्व घ्यावा, नट शेवटी टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्यावेत आणि सुमारे शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. पाचही टायरचे अनुक्रमांक नोंदवलेले पक्के बिल घेऊन गाडीच्या कागदांबरोबर ठेवावे. वॉरंटीची मागणी करताना दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो.