केप टाउनची सहल: आधी जन्माचा दाखला, मग तिकीट

केप टाउनला सहकुटुंब जायचं ठरलं की लोक सगळ्यात आधी विमानाचं तिकीट शोधतात. घरात अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा क्रम उलटा करा. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी मुलाचा असा जन्मदाखला लागतो ज्यावर आई आणि वडील दोघांचीही नावं आहेत. आपल्याकडच्या खेड्यातले दाखले नेमके इथेच अडतात.

महिना ठरवताना उन्हाळ्याची सुट्टी डोक्यातून काढून टाका. मे-जूनमध्ये तिकडे हिवाळा सुरू होतो आणि केप टाउनला पाऊस हिवाळ्यातच पडतो. डिसेंबरात गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. भाऊबीज आटोपून निघा. तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं, पण कापसाची वेचणी सुरू असते. तेव्हा काटा आणि मजुरी पाहणारं एक माणूस मागे ठेवा.

आता दाखला. हे काम मे महिन्यातच हाती घ्या.

नोंद नक्की कुठे आहे ते आधी शोधा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आपण राहतो तिथे नाही. पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी होतं, म्हणून मूल वाढलं आर्वीकडे आणि नोंद दारव्हा तालुक्यात, हे नेहमीचंच. आपल्या ग्रामपंचायतीत चार चकरा मारण्याआधी आजीला विचारा, कोणत्या गावात, कोणत्या दवाखान्यात.

दाखला हाती आला की बाळाच्या नावाचा रकाना पाहा. नोंद एकवीस दिवसांत होते, बारसं नंतर होतं, आणि नाव चढवायचं राहून जातं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 प्रमाणे नाव नंतर चढवता येतं. वर्षाच्या आत फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून. सोबत शाळेचा बोनाफाईड न्या.

यानंतर जे येतं ते सगळ्यांत जास्त छळतं: अक्षरं. वडिलांच्या पासपोर्टवर वानखडे, मुलाच्या दाखल्यावर वानखेडे. आईचं तर विचारूच नका. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच. व्हिसाच्या कचेरीत बसून अर्ज तपासणाऱ्याला ही दोन्ही आडनावं एकच आहेत हे कळायचं कारण नाही. त्याला दोन वेगळी माणसं दिसतात. सगळ्यांचे पासपोर्ट आणि दाखले ओट्यावर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘स्टॅम्पवर अ‍ॅफिडेव्हिट करून जोडून द्या, चालते.’ ऐकू नका. अ‍ॅफिडेव्हिटने रजिस्टरमधली नोंद बदलत नाही, तुमचा दाखला होता तसाच राहतो. दुरुस्ती नोंदीतच झाली पाहिजे. त्यासाठी कलम 15 आहे: चूक काय, खरं काय, हे लिहून देणारं निवेदन आणि हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांची साक्ष. निबंधक, म्हणजे खेड्यात ग्रामसेवक, मूळ ओळ खोडत नाही. तो समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकतो. मग नवा दाखला मागा, मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. लॅमिनेशन करू नका, सही-शिक्का तपासणं अवघड होतं. आईच्या दोन नावांचा दुवा विवाह नोंदणीचा दाखला जोडतो, तोही काढून ठेवा. चूक पासपोर्टात असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या, दाखला चुकीच्या पासपोर्टाशी जुळवू नका.

नोंदच सापडली नाही तर यंदाची दिवाळी सोडा. वर्ष उलटलेल्या जन्माच्या नोंदीला महसुली अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात.

मुलासोबत आई-वडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीचं शपथपत्र लागतं. तिथे मात्र स्टॅम्प पेपर कामाचा.

व्हिसाच्या अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट तीन महिन्यांचं द्या. शेतकऱ्याच्या खात्यात पैसा एकदम येतो आणि तो उसना वाटतो, म्हणून सातबारा, बाजार समितीची हिशेबपट्टी आणि जिनिंगची काटापट्टी जोडा.

विमान दोहा किंवा दुबईमार्गे घ्या. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात तर पिवळ्या तापाच्या लसीच्या कागदाचा प्रश्न उभा राहू शकतो.

तिकडचा प्लग गोल तीन पिनांचा, आपल्या गिझरच्या मोठ्या प्लगसारखा. छोटी पिन मोठ्यात बसवणारा जोड तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानात मिळतो, दोन घ्या. डब्यात चिवडा, शेव न्या. फळं, बियाणं, दुधाचे पदार्थ नको.

पोहोचल्यावर टेबल माउंटन पहिल्याच निरभ्र सकाळी करा. हा 1,085 मीटरचा सपाट डोंगर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणं ही मोठी चूक. आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावर ढगाचं पांढरं कापड पसरतं आणि 1929 पासून चालणारी केबल कार बंद होते, कधी सलग दोन-तीन दिवस. सकाळी उठून आधी डोंगराकडे पाहा, मग केबल कार चालू असल्याची खात्री करा आणि तेव्हाच तिकीट काढा. पाळण्याचा तळ फिरतो, जागेसाठी ढकलाढकली करू नका. वर गार वारा असतो, स्वेटर लागतोच. केबल कार बंद होत असल्याचा भोंगा वाजला की फोटो सोडून खाली या.

रॉबेन बेटाची बोट घरूनच आरक्षित करा. मंडेलांच्या 27 वर्षांच्या कैदेतली 18 वर्षं तिथे गेली. मुलांना कोठडी बघू द्या. पेंग्विन बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पाहा, हात लावू नका, चावतात. पोहायचं असेल तर कॅम्प्स बेला नाही, म्यूझनबर्गला. अटलांटिकच्या बाजूचं पाणी हाडं गोठवतं.

वाइनच्या द्राक्षमळ्यांचं गाव स्टेलनबॉश केप टाउनपासून 50 किलोमीटरवर आहे. दिवसाला दोनच मळे करा, तिसऱ्यावर मुलं रडतात. वाइनची चव घेणारा माणूस गाडी चालवणार नाही हे आधीच ठरवा, नाहीतर चालक घ्या. फ्रान्शहूकला मळ्यांतून फिरवणारी ट्राम आहे, जागा आधी धरा. अठराच्या आतल्यांना वाइन नाही. काही मळ्यांत त्यांच्यासाठी द्राक्षरसाची चव ठेवतात. पार्लजवळच्या फेअरव्ह्यूला बकऱ्यांचा मनोरा आहे, मुलं तिथून हलत नाहीत. पेल्यात घोट-घोटच ओततात आणि तोही संपवायची सक्ती नाही, शेजारच्या भांड्यात ओतून द्या. पिनोटाज मागा, 1925 मध्ये स्टेलनबॉशलाच संकरातून झालेली द्राक्षाची जात. शाकाहार सांगताना ‘मासे, कोंबडीही नको’ असं स्पष्ट म्हणा. बोबोटी हा तिथला पदार्थ म्हणजे खिमा.

नोव्हेंबरात घड लटकलेले दिसणार नाहीत, तोडणी फेब्रुवारी-मार्चला असते. पण शेतकऱ्याच्या डोळ्याला बरंच काही आहे. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले दिसतील: भुरी वेलीच्या आधी गुलाबावर दिसते, असं म्हणतात. काही मळ्यांत मांडव नाही, तार नाही, वेल बुटक्या झुडपासारखी उभी. छाटणीचे डोळे मोजा, ठिबक बघा, विचारा. वेलीची काडी मात्र खिशात घालू नका, विमानतळावर अडकाल.

परतताना मोठ्या माणसामागे दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. घर वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असेल तर तीही घेऊ नका. दोन्हीकडे दारूबंदी आहे, आणि बाटली केप टाउनची आहे म्हणून नाक्यावर कुणी सोडत नाही.